तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेलवर जाताना बंदूक नेता का?

गणपतीत विचारतात, कोणाच्या घरी जेवायला गेलं की विचारतात, परवा इंडियन ग्रोसरीत बिलाच्या रांगेत एका ओळखीच्या बाईंनी विचारलं. एकट्या जाता ना, मग बंदूक तरी नेता की नाही? दर वेळी "अहो नाही हो" म्हणून विषय बदलते आणि घरी आले की वाटतं की धड खरं बोललेच नाही. म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

नेली होती. एकदाच, नऊ दिवस. आता नेत नाही. विकलेली पण नाही.

अस्वलवाल्यांचं आधी संपवते. मी चालते तो अ‍ॅपलेशियन ट्रेल, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची डोंगरातली लांबच लांब पायवाट. तिथे जी अस्वलं आहेत ती काळी, ती बहुतेक वेळा तुमच्याआधी पळतात, त्यांना तुमच्या खाण्यात रस असतो, तुमच्यात नाही. खाणं तंबूत ठेवू नका, अस्वलाला न उघडणारा डबा, कॅनिस्टर, वापरा, फारच वाटलं तर बेअर स्प्रे घ्या. अलास्कात जिथे खरोखरची मोठी अस्वलं आहेत तिथल्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये आला होता, लोकांनी जवळची बंदूक वापरली काय आणि न वापरली काय, जखमी होण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे अस्वलासाठी बंदूक हे मला सांगू नका. आणि खरं तर विचारणाऱ्यांच्या मनातही अस्वल नसतंच, माणूस असतो.

दुसरं, जी मुलं एच-वन-बी वर आहेत आणि मला "काकू, घेऊन ठेवू का" असं विचारतात त्यांना. बाळांनो, तुमच्या व्हिसावर शिकारीच्या लायसन्ससारखे ठराविक अपवाद सोडले तर बंदूक जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. मित्राची असली तरी. या भानगडीत पडू नका. आणि ज्यांच्याकडे सिटिझनशिप आहे, परमिट आहे, त्यांनाही सांगते, हा ट्रेल १४ राज्यांतून जातो. २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये त्या त्या राज्याचा बंदुकीचा कायदा लागू होतो, म्हणजे व्हर्जिनियात चालतं ते न्यू जर्सीत चालेलच असं नाही. न्यू जर्सीचे सत्तरेक मैल त्यांच्या परमिटशिवाय पिस्तूल घेऊन चाललात तर थेट तुरुंगाची गोष्ट आहे. बरं, मधल्या गावातून पोस्टाने घरी पाठवू म्हणाल तर मी नेली तेव्हा साध्या माणसाला पिस्तूल पोस्टाने पाठवताच येत नव्हतं. आणि बाळगायची कुठे? सॅकचा पट्टा कमरेवर येतो, तिथे होल्स्टर बसत नाही. सॅकच्या आत ठेवलं तर उपयोग शून्य, हाताशी ठेवलं तर सगळ्यांना दिसतं. मी पोटावरच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवलं होतं.

आता मी का नेली ते. मे २०१९ मध्ये व्हर्जिनियात, वाइथ काउंटीत, ट्रेलवर एका माणसाने रात्री सुरा घेऊन चौघांच्या ग्रुपवर हल्ला केला. एक जण मेला, तो माजी सैनिक होता. एक बाई मेल्याचं सोंग करून पडून राहिली आणि नंतर तशीच जखमी अवस्थेत काही मैल चालत मदतीपर्यंत पोचली. त्या माणसाला त्याआधी एप्रिलमध्ये टेनेसीत पकडून सोडलेलं होतं, तो लोकांना धमकावत फिरतोय हे ट्रेलवर सगळ्यांना माहीत होतं. आणि माझा ऑक्टोबरचा तुकडा नेमका त्याच पट्ट्यात, व्हर्जिनियातल्या डमॅस्कस गावापासून उत्तरेला. नवरा म्हणाला एकतर जाऊ नकोस नाहीतर काहीतरी घेऊन जा. मी २००८ पासून चालतेय, कधी एक चाकूसुद्धा भाजी चिरण्यापलीकडे काढला नव्हता, पण त्या उन्हाळ्यात मला झोपेत तंबूची चेन उघडल्याचा आवाज यायचा. तेव्हा व्हर्जिनियात ऑनलाइन कोर्स करून परमिट मिळायचं. मी तसंच मिळवलं. रेंजवर चार शनिवार गेले. म्हणजे माझी तयारी किती होती ते बघा.

चौथा दिवस. ग्रेसन हायलँड्स पार्कातली रानटी तट्टं मागे पडली, दुपारपासून पाऊस आणि असं धुकं की पुढची खूण दिसेना. शेल्टरला पोचले तर कोणी नाही. तीन भिंती, वर छप्पर, पुढची बाजू उघडी, ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. ओले कपडे बदलले, भात शिजवला, स्लीपिंग बॅगमध्ये बसले. सातच्या सुमारास पावलं ऐकू आली. उजेड नाही, नुसती पावलं. अंधारात बिनदिव्याचा माणूस कशाला येईल, एवढंच डोक्यात आलं. हात पाऊचमध्ये गेला आणि मी पिस्तूल अर्धं बाहेर काढलं. रोखलं नाही. अर्धं बाहेर, हे मी पुन्हा सांगतेय कारण मला ते सांगावंसं वाटतं.

मग माझ्या हेडलॅम्पच्या उजेडात तो आला. विशीतला मुलगा, काळा, टोपीवरून पाणी गळतंय. त्याने आधी माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. दोन्ही हात वर केले, तळवे माझ्याकडे, चालायच्या काठ्या मनगटाला लोंबत होत्या. त्याने ते इतकं पटकन आणि इतकं नीट केलं की त्याला ते कोणीतरी शिकवलेलं होतं हे मला लगेच कळलं. अतिशय शांत आवाजात म्हणाला, मॅम, काही हरकत नाही, मी पुढे जातो. आणि पाठ न करता दोनतीन पावलं मागे सरकला, मग वळला.

मी काही बोलले नाही.

माझ्याकडे वेळ होता. "अरे ये आत" म्हणायला किती वेळ लागतो. मी त्याची पावलं पूर्ण थांबेपर्यंत बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर आधी मला बरं वाटलं, हायसं वाटलं. मग लक्षात आलं की त्याचा लॅम्प बंद पडला असणार, म्हणून उजेड नव्हता. माझ्या सॅकमध्ये जास्तीच्या बॅटऱ्या होत्या. पुढचं शेल्टर पाच-सहा मैल. थंडी अशी की माझी बोटं आत बसून आखडत होती. मी उठून वाटेवर गेले, हाका मारल्या, त्याचं नावही माहीत नाही, नुसतं हॅलो हॅलो. पावसाशिवाय काही नाही. आणि ऐकलं असतं तरी तो का परत आला असता?

दुसऱ्या दिवशी पुढच्या शेल्टरला गेल्यावर आधी वही उघडली. प्रत्येक शेल्टरमध्ये नोंदवही असते. त्याचीच नोंद असणार ती, दुसरं कोणी त्या वेळी आलेलंच नव्हतं. साडेबाराला पोचलो, पूर्ण भिजलो, हात चालत नव्हते, इथे असलेल्या जोडप्याने चहा करून दिला, त्यांचे आभार. बस. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मागच्या लोकांना सावध करायला तरी लिहायला हवं होतं त्याने. मी ती नोंद कितीदा वाचली माहीत नाही. खाली काहीतरी लिहावं म्हणून पेन काढलं आणि परत ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बाईमाणूस, एकटी, अंधार, पाच महिन्यांपूर्वीचा खून, तुमची काय चूक. मीही स्वतःला हेच म्हणते. पण त्याआधीच्या अकरा वर्षांत अंधारात शेल्टरला लोक आले नव्हते का? आले होते, दहावीस वेळा. प्रत्येक वेळी भीती वाटली आणि प्रत्येक वेळी मी आधी तोंड उघडलं, कोण आहे, कुठून आलास, किती ओला झालायस. त्या रात्री आधी हात गेला. कारण हाताला जायला जागा होती.

सह्याद्रीत आम्ही कॉलेजात असताना राजमाचीला, हरिश्चंद्रगडाला जायचो, वाट दाखवणाऱ्या मामांच्या कमरेला आकडीत कोयता असायचा, त्या कोयत्याची भीती कधी वाटली नाही. त्याने ते फांद्या तोडायचे, काट्या दूर करायचे. माझ्या पाऊचमधल्या वस्तूला माणसाशिवाय दुसरं कामच नव्हतं.

इथे थांबले असते तर उत्तर सोपं होतं. पण २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात, ट्रेल जिथे रस्ता ओलांडतो तिथे एक पिकअप माझ्याजवळून हळू गेली, पुढे जाऊन वळली, परत आली. आतल्या माणसाने विचारलं एकटी आहेस का. म्हटलं नवरा मागून येतोय. त्याने मागे बघितलं, हसला, गाडी पुढे नेऊन थांबवली. मी झाडीत घुसले आणि चाळीस मिनिटं एका खडकामागे बसून राहिले, हातात मिरचीचा स्प्रे. त्या चाळीस मिनिटांत मला त्या मुलाची आठवण एकदाही आली नाही. मला फक्त ते पाऊच हवं होतं, हात तिथेच जात होता. गाडी निघून गेली, काही झालं नाही. पण काही झालं असतं तर हे सगळं लिहायला मी नसते, आणि २०१९ मधली मी मला हेच ऐकवते, की तू वाचलीस म्हणून तुला त्या मुलाबद्दल वाईट वाटून घ्यायला जमतंय. तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला एवढंच म्हणते की तोही वाचला, पण ते तुझ्यामुळे नाही.

त्यामुळे कोणी मला "नेऊच नये ना?" असं विचारून माझ्याकडून हो वदवून घेऊ नका, आणि "बघा तुम्हीसुद्धा नेली होती" असंही दुसऱ्यांना सांगू नका. दोन्ही ऐकलंय आणि दोन्हींनी मला त्रास झालाय.

येत्या ऑक्टोबरात परत व्हर्जिनियात जायचंय, खुनाच्या जागेजवळचा जो तुकडा मी तेव्हा अर्धवट सोडून घरी आले होते तो. पिस्तूल वरच्या कपाटात कुलुपात आहे. काल नवऱ्याने विचारलं, किल्ली काढून ठेवू का? मी म्हटलं, आधी जास्तीचा हेडलॅम्प कुठे ठेवलाय तो शोध.