‘कायमस्वरूपी’ या शब्दात अडकलेले एकोणीस दिवस

‘कायमस्वरूपी’ हा शब्द कुठं छापलेला दिसला की अजूनही माझं डोकं सणकतं. या एका शब्दापायी मी एकोणीस दिवस बिनपगारी घरी बसलो.

दारू सुटली त्याबद्दल फार सांगत नाही. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे काय हे इथं घरोघरी माहीत आहे. मी गेलो ते केंद्र वेगळं. पहिले तीन दिवस हात थरथरले, व्हिटॅमिनची इंजेक्शनं टोचली, मग झोप आली, मग भूक आली, मग रडू आलं. पस्तीस दिवसांनी डिस्चार्ज. तिथं सोपं होतं हो! गेटला कुलूप आणि खिशात दमडी नाही.

अडकलो ते बाहेर आल्यावर, आमच्या कंपनीत. भोसरीला सीएनसी मशीनवर चौदा वर्षं झाली मला. रजेच्या अर्जावर कावीळ लिहिली होती आणि हजर होताना भोळसटासारखं केंद्राचं डिस्चार्ज कार्डच पुढं केलं. त्यावर निदानाच्या जागी ‘एफ १०.२’ असा कोड. एचआरच्या पोरानं तो मोबाइलवर टाकला, वाचला आणि मोबाइल हळूच उलटा ठेवला. मग ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. पाच ओळी. शेवटची अशी: ‘सदर कामगार व्यसनातून कायमस्वरूपी मुक्त झाला असून यापुढे मद्यपान करणार नाही, असे प्रमाणित करण्यात येते.’ खाली सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञाची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर.

(केंद्रातून निघतानाच कामावर रुजू होण्यापुरतं वेगळं फिटनेस सर्टिफिकेट मागून घ्या. त्यावर आजाराचं नाव असायलाच पाहिजे असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलाय, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारूचं व्यसनही बसतं. हे मला सगळं उरकल्यावर कळलं.)

सरकारी रुग्णालयात पहिला हेलपाटा फुकट, कारण मानसोपचारची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. दुसऱ्या खेपेला केस पेपर काढला आणि रक्त दिलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, जीजीटी, म्हणजे दारूनं वाढणारा लिव्हरचा आकडा, उतरलाय म्हणाल्या, बरं वाटलं. मग फॉर्म हातात घेतला आणि शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

“हे मी नाही लिहून देऊ शकत.”

“मॅडम, मी आता पीत नाही.”

“ते लिहिते ना. अमुक तारखेपासून बंद आहे, कामाला फिट आहे, फॉलोअपला बोलावलंय. पण यापुढे पिणार नाही हे मला कसं ठाऊक? तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

मला ठाऊक नव्हतंच. रोज संध्याकाळी मी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जात होतो, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायच्या म्हणून. तिथं वीस वर्षं न प्यालेला माणूसही ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच म्हणतो. म्हणजे जे वाक्य आमच्यातला कुणी स्वतःबद्दल उच्चारत नाही, ते कंपनीला शिक्क्यासकट हवं होतं.

बाईंनी त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिलं. एचआरनं ते परत केलं. “फॉरमॅटमध्येच लागतं, काका.” काका! मी चव्वेचाळीसचा आहे.

चौथी खेप. दुपारचे पावणेदोन. बाई कुठल्याशा मीटिंगला गेलेल्या, कधी येतील कुणाला माहीत नाही. मला केस पेपरची झेरॉक्स हवी होती, आणि झेरॉक्सच्या दुकानाची भिंत परमिट रूमला लागून. हिरवा पडदा, आतून ग्लास ठेवल्याचा आवाज, तळलेल्या पापडाचा वास. झेरॉक्सवाल्याचं मशीन गरम होत होतं. मी पडद्याच्या खालून दिसणाऱ्या चपला मोजत उभा होतो. सात जोड.

तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, “सर्टिफिकेटचं काम आहे का? पाचशेत होतंय, पाहिजे तसं लिहून.”

पूर्वीचा मी दीड मिनिटात पाचशे काढून दिले असते. रजेच्या अर्जात मी वडिलांना दोनदा मारलंय, आणि वडील आजही सकाळी सांगवीच्या बागेत फिरायला जातात. नको म्हणालो ते काही फार मोठ्या सचोटीनं नाही. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं आणि लक्षात ठेवून ठेवून थकलं की मी कुठं जातो, हे मला माहीत झालं होतं.

मी माझ्या स्पॉन्सर काकांना, म्हणजे एएतल्या माझ्या जुन्या वाटाड्याला, फोन लावला. कंपनी, फॉर्म, बाई, सगळ्यांवर दहा मिनिटं घसरलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवलास का?” एएमध्ये ‘हॉल्ट’ म्हणून एक प्रकार शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं एकही आलं की थांब. त्या दिवशी चारही हजर होते. डबा पिशवीतच होता. ओपीडीच्या बाकावर लोकांसमोर उघडायची लाज वाटत होती म्हणून तसाच ठेवलेला. बसलो आणि खाल्ला. मेथीची भाजी, तीन पोळ्या, लसणाची चटणी. शेजारच्या आजींनी त्यांच्या पिशवीतला अर्धा पेरू दिला. बाई चार वाजता आल्या आणि पुन्हा नाही म्हणाल्या, पण तोवर माझा आवाज खाली आला होता.

डब्यावरून आठवलं. सकाळी चहाबरोबर बायको मला डायसल्फिरामची गोळी देते, मला सांगून, माझ्या संमतीनं. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. काही घरांत ती भाजीत कालवून चोरून देतात. कृपा करून असलं करू नका. आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. दारूच्या उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो.

काकांनी त्या संध्याकाळी विचारलं, “हा फॉर्म केला कुणी?” टाइम ऑफिसमधल्या जुन्या क्लार्कनं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दोन वर्षांपूर्वी नाइट शिफ्टला पिऊन आलो तेव्हा गेटवर मी त्याला आईवरून शिव्या दिल्या होत्या. एएच्या बारा पायऱ्यांतल्या आठव्या पायरीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करतात. माझ्या यादीत तो चौथा. एकोणीस दिवसांतले निदान दहा दिवस मी त्याच्या खिडकीसमोरून जायला नको म्हणून घालवले. राग फॉर्मवर काढणं सोपं होतं.

गेलो. “कावीळ नव्हती,” म्हणालो. “माहितीये,” तो म्हणाला. मग शिव्यांचं बोललो, मग फॉर्मचं, सगळी सरमिसळ. त्यानं लेटरहेड वाचलं, फॉर्म ओढला, पट्टी ठेवली आणि शेवटच्या ओळीवर सरळ रेघ मारली. बाजूला छोटी सही केली. “मीच टाइप केलेलं. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आताही विचारणार नाही.” एचआरनं खरंच काही विचारलं नाही. पाचव्या खेपेला बाईंनी उरलेल्या चार ओळींखाली सही-शिक्का दिला.

काका मात्र माझ्यावर उखडले. काम काढायला गेलास आणि जाता जाता माफी मागितलीस, ती माफी धरत नाहीत म्हणाले. पुन्हा जा, हातात कागद न घेता. महिनाभरानं गेलो. तो चहा पीत होता, अर्धा मला ओतला. फारसं काही बोलला नाही.

फॉर्म अजून तोच आहे. परवा असेंब्लीतला एक पोरगा तो घेऊन माझ्या मशीनपाशी आला, शेवटची ओळ जशीच्या तशी. त्याला आधी टाइम ऑफिसला पाठवला. आणि ओपीडीला जाताना डबा घेऊन जा म्हटलं.