एकाच झाडावर दुसरी जात: सफरचंदाच्या घरगुती कलमाचा माझा अनुभव

माझ्याकडे सफरचंदाचे एकच झाड आहे, गाला जातीचे. ते दर वसंतात फुलांनी भरून जात असे आणि तरीही फळे मोजकीच धरत. त्यांतलीही पुष्कळशी एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने चेपलेली असत. अशी वाकडी फळे आडवी चिरून पाहिली, तेव्हा कारण लक्षात आले. सफरचंदाच्या गाभ्यात पाच कप्पे असतात आणि प्रत्येकात साधारणपणे दोन बिया धरू शकतात. माझ्या फळांत चेपलेल्या बाजूचे कप्पे रिकामे होते. बी धरले नाही की त्या बाजूचा गर पुरता वाढत नाही, आणि सफरचंदाच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत. मधमाश्या येत होत्या, परंतु त्यांनी दुसऱ्या जातीचा पराग आणावा असे झाड जवळपास नव्हते. आणखी एक झाड लावण्याइतकी जागा नसल्यामुळे दुसऱ्या जातीची फांदीच या झाडावर बसवायची, असे मी ठरवले.

कोणती जात घ्यावी, यावर मी प्रत्यक्ष कलमापेक्षा अधिक वेळ घालवला. रॉयल गाला ही गालाचीच गडद रंगाची उपजात असल्याने तिचा पराग परका ठरत नाही. गोल्डन डिलिशस ही गालाची एक जनक जात आहे. तिच्या परागाचा निम्मा भाग गाला नाकारते, उरलेल्यावर काम भागते. ब्रॅम्ली, जोनागोल्ड आणि मुत्सू यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि त्यांचा पराग परागीभवनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो, म्हणून चवीला कितीही चांगल्या असल्या तरी माझ्या गरजेला त्या उपयोगाच्या नव्हत्या. शेवटी मी फुजी निवडली. रेड डिलिशस आणि रॉल्स जेनेट यांच्या संकरातून जपानमध्ये निर्माण झालेली ही जात १९६२ मध्ये नावारूपाने बाहेर आली; तिचा बहर गालाच्या बहराशी बऱ्यापैकी जुळतो आणि ती जुनी असल्यामुळे पेटंटचा प्रश्न येत नाही. अलीकडच्या अनेक जाती पैदासकाराच्या हक्कांनी राखलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या काड्या घेण्याआधी परवानगीची बाब पाहून घेणे बरे.

फुजीचे बी पेरून फुजी मिळत नाही. प्रत्येक बी दोन वेगळ्या जातींच्या मिश्रणातून झालेले असते आणि त्याचे झाड निराळेच निघते. कलमाला म्हणूनच पर्याय नाही. स्वतंत्र खुंट, म्हणजे ज्याच्यावर हवी ती जात बांधतात ते मुळांचे रोप, आणण्याची मात्र मला गरज नव्हती, कारण माझे झाड आधीपासूनच एम-९ या ठेंगण्या खुंटावर बांधलेले आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे खुंट गोळा करून, पारखून त्यांना क्रमांक दिले, आणि एम-९ हा त्यांतला सर्वाधिक प्रसार पावलेल्यांपैकी एक. झाडाचा आकार बराचसा मुळाकडून ठरतो, त्यामुळे वर बसवलेली फुजीही फार मोठी होणार नव्हती.

या कामाचे सारे मर्म माझ्या मते एका गोष्टीत आहे: काडी, म्हणजे जोडायची डहाळी, झोपलेली हवी आणि झाड जागे झालेले हवे. जोडाच्या ठिकाणी नवे ऊतक तयार होऊन पाणी वर चढू लागेपर्यंत काडीला स्वतःच्या साठ्यावरच जगावे लागते. तिचे डोळे, म्हणजे मिटलेले अंकुर, आधीच उमलले असतील, तर पाने बाष्प सोडू लागतात आणि जोड जमण्यापूर्वीच ती वाळते. उलट झाड अजून सुप्त असेल, तर जोड भरून येण्याची क्रियाच सुरू होत नाही. थंडीत काड्या कापणे, त्या गारठ्यात ठेवणे आणि वसंताची वाट पाहणे हा खटाटोप या दोघांच्या वेळापत्रकात मुद्दाम अंतर पाडण्यासाठी असतो.

त्यामुळे मी काड्या हिवाळ्याच्या उत्तरार्धात, डोळे घट्ट मिटलेले असताना कापल्या. मागील एका हंगामात वाढलेले, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, उन्हात वाढलेले लाकूड निवडले आणि टोकाचा कोवळा भाग काढून टाकला. सफरचंदाचे फुलांचे डोळे फुगीर व केसाळ, तर पानांचे डोळे लहान व काडीला चिकटलेले असतात. कलमाला हे दुसरे डोळे लागतात. काड्या देणारे झाड निरोगी आहे ना, हे मी आधी पाहून घेतले. फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग तर काडीबरोबर येतोच, शिवाय काही विषाणू बाहेर कोणतेही लक्षण न दाखवता कलमातून पसरतात, आणि त्यांच्यावर घरी करण्याजोगा उपाय नाही. कापलेल्या टोकांना मेण लावून, काड्या पिळून काढलेल्या ओलसर कागदात गुंडाळून, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून एक ते चार अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवल्या. त्या कप्प्यातली फळे आधी बाहेर काढली, कारण पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि त्याने डोळे मरू शकतात. घरातील मंडळींना ही अट कलमापेक्षाही जाचक वाटली.

झाडावरच्या डोळ्यांची टोके हिरवी दिसू लागली, तेव्हा वेळ आली असे मी समजलो. हवेचाही विचार करावा लागतो: सफरचंदात जोड भरणारे ऊतक साधारण १३ ते १८ अंश तापमानाला चांगले वाढते, चार-पाच अंशांच्या खाली फार रेंगाळते आणि ३२ अंशांच्या वर त्याला इजा होते. काड्या नखाने किंचित खरवडून साल आतून हिरवी व ओली असल्याची खात्री करून घेतली.

झाडाची फांदी आणि काडी सारख्या जाडीच्या असल्यामुळे मी जिव्हा कलम केले. दोन्हींवर तीन-चार सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप घ्यायचा आणि मग प्रत्येक कापाच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर आत एक चीर देऊन या दोन जिभा परस्परांत गुंतवायच्या, अशी ही पद्धत. तिरपा काप एकाच ओढीत आणि अगदी सपाट यावा लागतो. चाकू एकाच बाजूने धार लावलेला असला, तर हे सोपे जाते. दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते लाकडात शिरताना वळते आणि काप खोलगट होतो. छाटणीत निघालेल्या काड्यांवर मी पुष्कळ दिवस सराव केला होता आणि प्रत्येक वेळी दोन काप एकमेकांवर ठेवून प्रकाशासमोर धरत असे. मध्ये फट दिसली, तर काप फुकट. खरे कलम करताना प्रत्येक काडीनंतर पाते स्पिरिटने पुसले.

जोड धरतो तो कॅम्बियमच्या पातळ थरातून, जो साल आणि लाकूड यांच्यामध्ये असतो. काडी फांदीपेक्षा बारीक असेल, तर तिला मधोमध बसवण्याचा मोह टाळावा आणि एका कडेला दोघांचे थर जुळवावेत. दोन्ही बाजू हुकण्यापेक्षा एक बाजू नक्की साधलेली चांगली. काडीवर दोन-तीनच डोळे ठेवले आणि त्यांची टोके वरच्या दिशेला आहेत, हे पुन्हा पाहिले. मग ताणली जाणारी मेणचट पट्टी जोडावर व साऱ्या काडीवर गुंडाळली. ही पट्टी ओलावा कोंडून ठेवते, पण इतकी पातळ असते की डोळा ती फोडून बाहेर येतो. जोडावर घट्टपणासाठी रबरी पट्टी बांधली आणि शेंड्याला मेण लावले. एका जाड फांदीवर, साल सुटी होऊ लागल्यावर, सालीखाली दोन काड्या खोचून पाहिल्या. हे काम जिव्हा कलमाहून सोपे आहे, परंतु नवी फांदी पहिल्या एक-दोन वर्षांत वाऱ्याने सहज निखळते. कलमांसाठी मी वरच्या, उभ्या वाढणाऱ्या आणि उजेडातल्या फांद्या निवडल्या होत्या, कारण खालच्या आडव्या फांद्यांवर बसवलेली काडी जगली तरी मरगळलेली राहते.

यानंतरचा काळ फसवा असतो. डोळे उमलून इवलीशी पाने दिसली की कलम लागले असे वाटते; प्रत्यक्षात ती पाने काडीतल्या साठ्यावरही निघू शकतात. माझ्या काही काड्यांनी पाने काढली आणि मग मान टाकली, तर काही बराच काळ निश्चल राहून नंतर जोमाने वाढल्या. नवा शेंडा बोट-दोन बोटे सलग वाढत राहिला, तरच मी तो जोड जमला असे धरू लागलो. दरम्यान जोडाच्या खालून फुटणारे धुमारे खुडावे लागतात, नाहीतर झाड सारी ताकद त्यांना देते. कोवळ्या शेंड्यांवर मावा लवकर येतो, आणि पक्षी नेमका कलमावरच बसतो, म्हणून फांदीला एक बारीक काठी वर डोकावेल अशी बांधून ठेवली. उन्हाळ्याच्या मध्यावर जोडावरची रबरी पट्टी एका बाजूने उभी चिरली. ती तशीच राहिली असती, तर वाढत्या फांदीला तिचा फास बसला असता. फुजीवर पहिल्या वर्षी आलेली फुले काढून टाकली.

फांदी पुरेशी फुलेपर्यंतच्या वर्षांत मी एक तात्पुरती सोय केली. दुसऱ्या जातीच्या फुललेल्या डहाळ्या मागून आणायच्या आणि बादलीभर पाण्यात घालून बहराच्या दिवसांत झाडाखाली ठेवायच्या. मधमाश्यांना एवढे पुरते. आता फुजी स्वतः फुलते आणि गालाची फळे सर्व बाजूंनी भरलेली येतात. फुजी जोमदार असल्यामुळे दर हिवाळ्यात तिला गालापेक्षा अधिक कापावे लागते, पण पाने गळाल्यावर दोन्ही जातींच्या फांद्या घाईत सहज ओळखू येत नाहीत. छाटणीत परागाची फांदीच उडू नये, म्हणून तिच्या बुडाशी ॲल्युमिनियमची नावपट्टी सैल तारेने बांधली आहे आणि दर वर्षी ती तार थोडी ढिली करतो.