चार बाइट कुठे गेले: जुळे सोलापूर–रेल्वे लाइन्स लिंक, नोंद ७

मंडळी, १४७२ बाइटांचा पिंग गेला! डीएफ बिट (‘तुकडे करू नका’ अशी खूण) लावून, व्हीएलएन टॅगसकट (एकाच तारेवरची वेगवेगळी जाळी ओळखायची चिठ्ठी), जुळे सोलापूरच्या रॅकपासून रेल्वे लाइन्सच्या गच्चीपर्यंत आणि परत. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुमारास टाकलेल्या नोंदीत लॅबच्या दोन टोकांमधली ही लिंक ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) एक्सस्टार्टपाशी, म्हणजे ओळख जुळण्याच्या सुरुवातीलाच, रुतून बसली होती. तेव्हा दोष एकच वाटत होता. निघाले दोन, आणि पहिला सुटल्यामुळे दुसरा जास्तच लपला.

पहिला भाग आधी उरकतो. आर१ आणि आर२ हे दोन टोकांचे राउटर. आर१च्या (राउटरओएस ७) व्हीएलएन ३० इंटरफेसवर एमटीयू (एका पॅकेटाची कमाल लांबी) जंबोच्या, म्हणजे मोठ्या फ्रेमच्या, प्रयोगातला ९००० तसाच राहिला होता. आर२वर (सिस्को आयओएस) १५००. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपला एमटीयू डेटाबेस डिस्क्रिप्शन (डीबीडी) पॅकेटात लिहून पाठवतो आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की ते पॅकेट स्वीकारत नाही. आर२ नेमकं तेच करत होता. दोन्हीकडे १५०० केलं आणि शेजारी फुल (पूर्ण जुळलेला) झाला. ‘एमटीयू-इग्नोर’ लावून मोकळं व्हा असा सल्ला बऱ्याच जणांचा होता, पण तो पर्याय इथे वापरायचा नाही हे ठाम आहे. त्याने तक्रार बंद होते, फरक तसाच राहतो.

शेजारी फुल, छोटा पिंग चालू, आणि एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर लांबून कमांड देण्याची सोय) मात्र की-एक्स्चेंजच्या ओळीवर थिजलेलं. एनएएसचं (फाइलींचा सामायिक साठा) वेब पान अर्धं उघडून गप्प. ओएसपीएफ फुल दाखवतंय यावर लहान लॅबमध्ये अजिबात विसंबू नका. डीबीडीत एका एलएसएचं (जाळ्याच्या नकाशातली एक नोंद) हेडर २० बाइटांचं असतं, १५००च्या पॅकेटात ७२ मावतात. इथे एलएसए जेमतेम वीस, म्हणजे अख्खी देवघेव पाचशे बाइटांच्या आत. मोठं पॅकेट जाण्याची वेळच येत नाही, मग वाट अरुंद आहे हे त्याला कळणार कुठून?

मग डीएफ लावून पिंग. लिनक्सवर ‘-एम डू -एस’, विंडोजवर ‘-एफ -एल’. १४०० गेला, १४७२ अडला. मधला आकडा घेत घेत १४३६, १४५४, १४६३, १४६८ गेले; १४७० अडला, १४६९ही अडला. आठ पिंगांत हद्द सापडली: १४६८. लक्षात ठेवा, लिनक्स आणि विंडोज फक्त आतला माल मोजतात. त्यावर आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) ८ आणि आयपीचे २० धरायचे. आयओएस आणि राउटरओएस ‘साइझ’मध्ये आयपी हेडर धरूनच आकडा घेतात, त्यामुळे आर१वरून हीच हद्द १४९६ दिसते. दोन टोकांचे आकडे न बदलता एकमेकांशी ताडले तर २८ बाइटांचं भूत मागे लागतं.

हा हद्दीचा आकडाच बोलका असतो: पॅकेटाभोवती आपलं हेडर गुंडाळणारा प्रत्येक प्रकार ठरावीक बाइट खातो. १४६४ आला तर ८ बाइट गेले: पीपीपीओई, नाहीतर दुहेरी टॅग. १४४८ म्हणजे जीआरई, १४२२ म्हणजे व्हीएक्सलॅन, १३९२ म्हणजे नेहमीच्या १४२०वर बसवलेलं वायरगार्ड. इथे १४६८, म्हणजे बरोबर ४ बाइट. ४ बाइट म्हटलं की व्हीएलएन टॅग. खात्री केली: त्याच ट्रंकवरून (अनेक व्हीएलएन वाहून नेणारी जोडणी) टॅग नसलेल्या मॅनेजमेंट व्हीएलएनमध्ये १४७२ सुखाने गेला.

हिशेब असा. १५०० बाइटांचं आयपी पॅकेट, १४चं इथरनेट हेडर, ४ एफसीएस (चूक पकडणारा तपासणीचा आकडा), झाली १५१८ची फ्रेम. टॅग लागला की १५२२. इथरनेटच्या ८०२.३एसी मानकाने १९९८ सालीच ही १५२२ची सोय केली आहे. तरी वाटेतलं कोणतं तरी यंत्र टॅग धरून १५१८वरच कात्री लावत होतं. लॅपटॉपवर व्हीएलएन ३०चा इंटरफेस करून तो एकेक टप्पा पुढे लावत गेलं की जागा सापडते. लिंकच्या रेडिओच्या लॅन पोर्टपर्यंत १४७२ जात होता. त्याच्या पुढे, रेल्वे लाइन्सच्या गच्चीवरच्या पेटीतल्या आठ पोर्टच्या वेब-मॅनेज्ड स्विचनंतर १४६८.

त्या स्विचच्या पानावर ‘आरएक्स एरर’ (आत येणाऱ्या फ्रेममधल्या चुका) असा एकच काउंटर आहे. तो वाढताना दिसला की हात आधी केबलकडे जातो, आणि गेलाही. उन्हाळ्यात त्या पेटीत जे तापतं ते पाहता क्रिंप सैल झाली असणार, असा तर्क होता. नवी पेठेतून आणलेली नवी कॅट-६ घातली, काउंटर तसाच चढत राहिला. चांगला स्विच ओव्हरसाइझ आणि जॅबर वेगळे मोजतो: पहिल्यात फ्रेम लांब पण एफसीएस धड, दुसऱ्यात लांबही आणि बिघडलेलीही. हे दोन आकडे वेगळे दिसले असते तर केबलला हात लावायची गरज नव्हती. पुढचा स्विच घेताना पोर्टांच्या संख्येआधी हे पान उघडून बघायचं. काही स्विच १५१८वरच्या टॅग लागलेल्या फ्रेमही ओव्हरसाइझमध्ये मोजतात आणि तरी पुढे पाठवतात. म्हणून काउंटर आणि पिंग दोन्ही जुळले तरच ड्रॉप म्हणा.

हा दोष इतका छळतो कारण स्विच बोलत नाही. राउटरला पॅकेट मोठं वाटलं तर तो तुकडे करतो, किंवा डीएफ असेल तर आयसीएमपी टाइप ३, कोड ४ परत पाठवतो. पाथ एमटीयू डिस्कव्हरी (वाटेतली कमाल लांबी शोधायची पद्धत) त्याच निरोपावर चालते. लेयर २चा स्विच फ्रेम टाकून देतो आणि संपलं. पाठवणारा तेवढंच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

दुरुस्ती होईपर्यंत आर१वर मॅंगलमध्ये (पॅकेटात बदल करणारे नियम) एमएसएस (टीसीपी एका पॅकेटात भरते तो कमाल माल) १४५६ बसवला आणि एसएसएच लगेच सुरू झालं. इथे ‘क्लॅम्प टू पीएमटीयू’ उपयोगाचं नाही: राउटरच्या नजरेत इंटरफेस १५००चाच आहे, तो १४६०च धरणार. आकडा हातानेच द्यावा लागतो, आयपीव्ही६साठी १४३६. यूडीपीला या उपायाचा काही फायदा नाही, म्हणून हा टेकू कायम ठेवायचा नाही.

खरी दुरुस्ती एका टिकमार्कची: स्विचमध्ये जंबो चालू, हद्द ९२१६. पिंग १४७२ पास! मग मुद्दाम पेटीची वीज काढली, कारण तिथे ती एरवीही जातेच. परत आल्यावर पुन्हा १४६८. ‘अप्लाय’ आणि ‘सेव्ह’ वेगळी बटणं आहेत. सेव्ह करून तीनदा वीज काढली, तिन्ही वेळा १४७२. सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० स्विच वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपा: ‘सिस्टिम एमटीयू जंबो’ रीलोडनंतरच लागू होतो आणि कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलाच जात नाही. बॅकअपवरून दुसरा स्विच उभा केला तर ती ओळ पुन्हा हाताने द्यावी लागते.

सगळी लॅब ९०००वर न्यायचा बेत होता, तो हे लिहिता लिहिताच बदलतोय. स्विचची हद्द सगळीकडे जास्तीत जास्त ठेवायची, त्याने कुणाचं बिघडत नाही. पण राउटर आणि होस्टचा एमटीयू एका व्हीएलएनमध्ये सगळ्यांचा सारखाच हवा, आणि ९००० फक्त एनएएसच्या व्हीएलएन ४०वर, तेही रॅकच्या आत. तिथेही विंडोजच्या ड्रायव्हरमधला ९०१४ हा हेडरचे १४ धरून असतो; लिनक्सला तोच आकडा दिला की नवी विसंगती तयार.

आणखी एक सुचलं: आर१वरून दर पाच मिनिटांनी डीएफसह एक १५००चा आणि एक १००चा पिंग पाठवायचा. १०० चालू आणि १५०० बंद, अशी जोडी लॉगमध्ये दिसली की गच्चीवरचा स्विच आपलं सेटिंग विसरला. स्क्रिप्ट आज रात्री लावतो; वायरगार्ड त्यानंतर, १४२०वर.