मोडलेल्या कळ्या

लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचतुर्थीला मी केलेले मोदक मोदकपात्रात फुटले. झाकण काढले तेव्हा गुळाचे पाणी चाळणीतून खाली गळत होते आणि वर नुसत्या पांढऱ्या चिंध्या उरल्या होत्या. घरात १६ माणसे जेवायला होती. त्यांतल्या एका चुलत सासूबाई "असू दे, चमच्याने खाऊ" असे म्हणाल्या आणि सगळे मोकळेपणाने हसले. मीही हसले. त्यानंतर २२ वर्षे मी उकडीला हात लावला नाही. नारळ खोवणे, गूळ चिरणे, वेलदोडे कुटणे, केळीची पाने पुसणे ही कामे मी इतक्या तत्परतेने अंगावर घेत असे, की मी कळ्या पाडायला कधीच बसत नाही हे कोणाच्या लक्षातही आले नसावे. माझ्या कामसूपणाचे जे कौतुक झाले, त्यातले निम्मे या भीतीच्या खात्यावर जमा करायला हवे.

यंदा सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली आणि श्रावण लागताच त्यांनी "या वर्षी मोदक तूच कर" असे, भाजी निवडता निवडता, सांगून टाकले.

त्या रात्री मी मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारले. कृती विचारण्याचे कारण नव्हते. पिठीच्या वाटीला वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, उकळीत पिठी, दोन वाफा आणि हाताला चटका बसत असतानाच मळणे, हे सारे शेजारी बसून पाहून मला पाठ झाले होते. मी एवढेच लिहिले, की माझे मोदक फुटतात. त्यावर त्याने दोन प्रश्न केले: कळ्या पाडताना पारी चिरते की वाफवताना मोदक उघडतो, आणि असे आजवर किती वेळा झाले? मी "एकदा" असे लिहिले आणि त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत बसले. एकदा फुटले होते, आणि मी "फुटतात" असे लिहून मोकळी झाले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मात्र स्मरणशक्तीला ताण द्यावा लागला, कारण त्या दिवसातले हसणे मला लख्ख आठवत होते आणि मोदक जवळजवळ आठवतच नव्हते. मोदक वाफेत उघडले होते, म्हणजे सारण ओले राहिले असावे किंवा टोक नीट मिटले नसावे, असे त्याने सांगितले. पारी चिरण्याचे कारण वेगळे असते, हेही त्याने समजावले. तांदळात गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे पारी केवळ शिजलेल्या पिष्टावर तगून असते. हे पिष्ट सुमारे ७० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि निवले की पुन्हा ताठरते. उकड गरम असतानाच मळायची या सासूबाईंच्या आग्रहाला असे शास्त्र असेल, हे मला कधी सुचले नव्हते. त्याला तू म्हणावे की तुम्ही, हे मात्र मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. तो मला अहो-जाहो करीत होता आणि मी क्रियापद टाळत होते.

त्याच्या सूचनेवरून एका बुधवारी दुपारी, घरात कोणी नसताना, मी फक्त पाच मोदकांची उकड काढली. दोन चिरले. मी छायाचित्र पाठवले. पारीची कड जाड आणि मध्यभाग पातळ राहिला आहे, हे उलट हवे, असे त्याने कळवले. त्याच्यापुढे फजिती होण्यात काही अर्थच नव्हता, कारण पुढच्या गणपतीत तो ही गोष्ट पानावर बसलेल्यांना रंगवून सांगणार नव्हता.

त्यानंतर त्याने पिठीत चमचाभर गव्हाचे पीठ घालून पाहण्याचा सल्ला दिला. त्याच्या तर्कशास्त्रात ते बसत असेल, पण आमच्या घरात असे सुचवणारी सून पहिल्याच दिवशी कायमची लक्षात राहिली असती. असे आमच्याकडे चालत नाही, असे मी लिहिताच त्याने "बरोबर आहे, पारंपरिक चवीसाठी ते नकोच" असे म्हणून एका वाक्यात चूक मान्य केली आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा तुपाच्या हाताने कड कशी दाबावी याकडे वळला. मला मात्र चुकीपासून पुढच्या वाक्याकडे जायला २२ वर्षे लागली होती. त्याचा मला थोडा रागही आला. त्याला लाज नाही म्हणून हे जमते, असे मनात आले, आणि तरीही मी संध्याकाळी पुन्हा उकड काढली.

चतुर्थीला नैवेद्याचे २१ मोदक झाले. काहींना सातच कळ्या होत्या, तीन हातातच मोडले. त्यांतले सारण बाजूला काढून, मोडलेल्या पाऱ्या आणि उरलेली उकड यांत हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर घालून मी निवगऱ्या वाफवल्या. उकडीचे मोदक करणाऱ्या बऱ्याच घरांत या असतात, आणि खरे तर आमच्या मुलांचा डोळा मोदकांपेक्षा त्यांवरच असतो. सासूबाईंनी एक मोदक फोडून त्यावर तूप घातले, सावकाश खाल्ला आणि हे कोणी शिकवले म्हणून विचारले. मी मोबाइल दाखवला. गव्हाच्या पिठाची हकिगतही सांगितली. त्यांनी चष्मा लावून ते सारे संभाषण वाचले आणि मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "त्याला लिही, निवगऱ्या कशा करतात ते आधी शिकून घे म्हणावे."