बीस की बना दो

“भैया, बीस की बना दो,” कापड मार्केटमधला एक पोरगा म्हणाला. गाडीवाल्यानं काही न विचारता साबुदाणा काढला. खाली उकळतं पाणी, वर खिचडीचं पातेलं. इंदुरात ती अशी वाफेवरच गरम राहते. हिरवी मिरची, फरियाली म्हणजे उपासाचं मिक्स्चर, जिरावन मसाला, लिंबू... सगळं त्याच्यासमोर नीट कालवलं. माझ्या पूर्ण प्लेटला जेवढी निगुती, तेवढीच त्याच्या वीस रुपयांना.

शेजारी उभे असलेले एक काका मात्र मराठीत पुटपुटले, “एवढ्याशानं काय होतंय? हे काय जेवण आहे?”

दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण ते जेवणच होतं. पोरानं द्रोण चाटूनपुसून साफ केला, वर पाणी प्यायला आणि दुकानाकडे पळाला.

पाहुणे आले की आपण त्यांना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेतो, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू कंद खिलवतो, फोटो काढतो. भर दुपारी राजवाड्याच्या आसपास उभ्या उभ्या जेवणारे त्या फोटोंत कधीच नसतात. इंदूरच्या खाण्याचं कौतुक करताना मला तरी आधी हे गाडीवाले आठवतात.

तुमच्या भागात अशी, खिशातले पैसे सांगून खाता येणारी गाडी कुठे आहे?