काचेला आलेलं टेंगूळ

परवा रात्री अंबाजोगाईच्या घरी दुर्बिणीसाठी स्वतः घासलेला सहा इंची आरसा तपासायला लावला होता. काचेवर अंगठा दहा-पंधरा सेकंद टेकवला आणि आरशावरून परतणारा उजेड ब्लेडच्या कडेनं अर्धवट अडवून पाहिलं (असं केलं की काचेवरचे बारीक उंचवटेही दिसतात), तर तिथं चक्क टेंगूळ! बोटाच्या उबेनं काच फुगली होती. तेव्हापासून डोक्यात एकच, अवकाशातल्या आरशांचं कसं होत असेल?

हबल या अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा काचेचाच, पण तापमानानं जवळजवळ न फुगणाऱ्या काचेचा. शिवाय हीटर लावून तो खोलीइतका उबदार ठेवतात. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा आरसा उणे २२० अंशांच्या आसपास राहतो. तिथं बेरिलियम (एक धातू) निवडलं. हलकं, ताठ, आणि एवढ्या थंडीत आकार धरून ठेवणारं. आरसा १८ तुकडे जोडून केलेला, एकेकात बेरिलियम जेमतेम २० किलो. त्याची धूळ मात्र फुप्फुसाला घातक, म्हणून घासणं जोखमीचं. मला सर्वांत भावलं ते हे: गार होताना तुकडा किती वाकडा होईल ते आधी मोजून, तेवढाच तो उलट्या बाजूनं 'चुकीचा' घासला. थंडीत गेला की बरोबर!

आणि हर्शेल या अवकाश दुर्बिणीचा ३.५ मीटरचा आरसा सिलिकॉन कार्बाइडचा. म्हणजे कार्बोरंडम! ज्या काळ्या भुकटीनं मी महिनाभर काच घासली, तीच.

"आरं, पहाट व्हायली, झोप की आता," माय आतून म्हणाली.

"थांब माय, टेंगूळ उतरायलंय."