फिटच्या गोळ्या चालू असताना गरोदरपण : माझा अनुभव

फिटसाठी मला सोडियम व्हॅलप्रोएट चालू होतं. मूल हवं असं ठरल्यावर आधी न्यूरोलॉजिस्टना गाठलं, गायनॅकना नंतर. हा क्रम महत्त्वाचा, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत बंद होते. पाळी चुकली म्हणून टेस्ट करेपर्यंत तो काळ बहुतेक उलटून गेलेला असतो. व्हॅलप्रोएटवर असलेल्या आयांच्या दर 100 बाळांमागे सुमारे 10 जणांत मोठं जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण 2-3. पुढे 30-40 मुलांना बोलायला, शिकायला अडचण येते. डोस मोठा तसा धोकाही मोठा.

म्हणून गोळी मनाने बंद मात्र करू नका. अचानक सुटली तर फिटमागून फिट येऊ शकते, आणि तेव्हा बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.

मला लॅमोट्रिजिनवर आणलं. (प्रत्येकीला हा बदल मानवेलच असं नाही, ते डॉक्टरच ठरवतील.) व्हॅलप्रोएटसोबत ते शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्यामुळे सुरुवात 25 मिलिग्रॅम दिवसाआड, दोन आठवडे, मग दोन आठवडे रोज 25. इथे घाई केली तर अंगावर पुरळ, तोंडात फोड येऊ शकतात. तसं काही दिसलं की त्याच दिवशी दाखवायचं. लॅमोट्रिजिन पुरेसं चढल्यावर व्हॅलप्रोएट हळूहळू उतरवलं. फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम आधीपासून होतंच. नवा डोस स्थिरावल्यावर, दिवस राहण्याआधी, रक्तातली पातळी तपासून घ्या आणि तो आकडा फाइलच्या पहिल्याच पानावर लिहा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते.

गरोदरपणात यकृत लॅमोट्रिजिन झपाट्याने निकामी करतं. तोच डोस घेऊनही पातळी निम्म्यावर येऊ शकते, म्हणून दर महिन्याला तपासणी आणि गरजेप्रमाणे वाढ. सासूबाई घाबरल्या, "अगं, पोटात बाळ असताना गोळ्या वाढवतात कशा?" वारेतून बाळापर्यंत पोचतं ते आईच्या रक्तातलं औषध. पातळी पूर्वीइतकीच राखली, तर पाकिटावरचा आकडा वाढला म्हणून बाळाला जास्त औषध जात नाही. घरच्यांना हे समजावून सांगाच, नाहीतर काळजीपोटी गोळ्या लपवल्या जातात.

18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीला जाताना औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. मणका, हृदय, ओठ आणि टाळू नीट बघून घेतात.

बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं. वाढवलेला डोस तसाच राहिला तर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. डोस कसा उतरवायचा ते नवव्या महिन्यातच लिहून घ्या. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. बाळ सुस्त वाटलं, दूध ओढेना किंवा पुरळ दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जागरणाने फिट येते, तेव्हा रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कुणाकडे सोपवा. दुपटं जमिनीवर बसूनच बदला, आणि बाळाला एकटीने अंघोळ घालू नका.